कामाला लावणारे सर

"पोट्टी बसन कुठी, ते दाखवा आधी."

कोणत्याही ऑफिसात शिरल्यावर आमच्या सरांचं पहिलं वाक्य हेच. मालक बिचारा चहाचं विचारतोय आणि हे मान वाकडी करून शिकाऊ मुलीसाठी रिकामी खुर्ची शोधताहेत. खुर्ची दाखवली की स्वतःच तिच्यावर बसायचे आणि अर्धा तास हलायचे नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की जिथे बसायला जागा नाही तिथे पोरांना काम शिकवत नाहीत, चहा आणायला पिटाळतात.

आमच्या कॉलेजात बीबीएच्या शेवटच्या वर्षाला चार दिवस बाहेर काम आणि दोन दिवस वर्ग असतात. कामाचा दरमहा स्टायपेंड मिळालाच पाहिजे, असा नियम आहे. नियम करणारे मोकळे होतात. तो सदर, सीताबर्डी या बाजारांतल्या मालकांच्या गळी उतरवायला सर उन्हातान्हात स्कूटर दामटत फिरायचे. मी मार्केटिंग शिकवते. कॉलेजात आमची बसायची खोली एकच, त्यामुळे त्यांचे फोन मी आठ वर्षं ऐकले. तुम्ही ऐकले असते तर तुम्हालाही पाठ झाले असते.

"शिकाले येऊन राहिली म्हणून फुकट काहून, शेठ? तुमचा पोट्टा दुकानात बसते, तो फुकट बसते का?"

एकदा सीताबर्डीत साड्यांच्या दुकानात असेच खुर्ची तपासायला बसले. दोन बायकांना वाटलं, नवा माणूस ठेवलाय. त्यांनी साड्या दाखवायला सांगितल्या आणि सरांनी दाखवल्या. तीन विकल्यासुद्धा. दुकानदार म्हणाला, "सर, विद्यार्थी राहू द्या, तुम्हीच या." हे त्यांनी मला हसत सांगितलं. मग म्हणाले, "त्यानं पगार बी सांगतला मॅडम. कॉलेजाहून जास्त होता."

सरांची स्वतःची नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर होती. दर जूनमध्ये प्राचार्यांच्या दाराबाहेर उभं राहून ती वाढवून घ्यायची. दुसऱ्यांना कामाला लावणाऱ्या माणसाचं हे असं.

मागच्या वर्षी एका गोदामवाल्याने एकदम बारा विद्यार्थी मागितले. गोदामवाला म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा मेहुणा. स्टायपेंड द्यायचा नाही, पण दिल्याच्या फॉर्मवर सरांनी सही करायची, असा बेत. प्राचार्यांनी बोलावून गोड शब्दांत समजावलं. सर परत आले आणि पंखा लावून त्याखाली बसले.

मी म्हटलं, "करून टाका ना सही. सगळीकडे असंच चालतं."

"त्याच्या आधीच्या साली केली होती मॅडम. याच गोदामासाठी. थकून गेलो होतो मी." मग खाली बघत म्हणाले, "एका पोट्टीनं शिकवण्या घेनं सोडलं होतं, पैसे भेटतीन म्हणून. सहा महिने फुकट राबली. शेवटी आली अन् एवढंच म्हणे, सर, तुमाले माहीत होतं का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू? हो म्हटलं."

त्यांनी सही केली नाही. बाराही जणांना त्यांनी दुसरीकडे लावलं. एकेका जागेसाठी पाच-पाच चकरा मारल्या, चपला झिजवल्या. जून आला आणि त्यांचा करार वाढला नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. जाताना टेबल पुसून गेले. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेण्यापलीकडे मी काही केलं नाही, हेही इथे लिहायला हवं.

त्यांचं काम माझ्याकडे आलं. महिन्याभरात गोदामाचा फॉर्मही आला. नवे बारा विद्यार्थी. प्राचार्य म्हणाले, "सही नाही झाली तर मुलांचं सेमिस्टर अडकेल, मॅडम." मी पाच वर्ग घेत होते, परीक्षेचं काम होतं, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दारोदार फिरून बारा जागा शोधायचं बळ माझ्यात नव्हतं. मी सही केली.

गेल्या महिन्यात सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर सर भेटले. वाळले होते. मनीषनगरला कुठल्याशा क्लासमध्ये शिकवतात म्हणे. कॉलेजची चौकशी झाली, तब्येतीची झाली. मग त्यांनी विचारलंच, "यंदा गोदामवाल्यानं मागतले का पोट्टे?"

"मागितले."

"गेले?"

"गेले. बारा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता ते स्टायपेंडचं विचारतील, म्हणून मी मनात सगळी जुळवाजुळव केली होती: वर्ग, परीक्षा, सासूबाई, सेमिस्टर.

"मॅडम, तुम्ही लय थकल्या दिसून राहिल्या," ते म्हणाले आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. मी दोन घोट प्यायले. त्यांची गाडी आली. हात करून ते गेले.

रागावले असते, तर मी त्यांना कारणं तरी सांगितली असती.