उन्हात दिसंल ते घ्या

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या संस्थेच्या सांगलीच्या ऑफिसात होतो. संस्थेच्या साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "शोकसभेला त्यांचा जीपीएस हातात धरलेला फोटो लावा." तो फोटो मीच काढला होता. त्यातलं यंत्र तात्यांना कधीच नको होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं...

रंगराव तात्या कडेगावचे. फौजेत तोफखान्यात सर्व्हेचं काम केलेले, निवृत्तीनंतर आमच्या संस्थेत आले. जत तालुक्यातल्या बुजलेल्या विहिरी नकाशावर घ्यायच्या आणि त्यांतला गाळ काढायचा, असं काम होतं. त्यासाठी हातात धरायची जीपीएस यंत्रं घ्यायची ठरली. साहेबांचा जीव मोठ्या रंगीत पडद्याच्या, बोटानं चालणाऱ्या यंत्रावर. पाहुण्यांना दाखवायला बरं. तात्यांनी ओळखीतून तीन यंत्रं मागून आणली आणि माधवनगरजवळच्या एका हद्दीच्या दगडावर तीन दिवस ठेवून आकडे वहीत उतरवले. तिन्हींचे आकडे सारखेच चार-पाच मीटर हलत होते. "मग फरक कशात?" मी विचारलं. "उन्हात दिसंल ते घ्या. घामाच्या बोटानं चालंल, आन् ज्याचं शेल वाडीवरच्या दुकानात मिळतील. रंग बघायला आपुन लगीन जमवत न्हाई." बटणांच्या साध्या यंत्राची शिफारस त्यांनी एका पानावर लिहून दिली. साहेबांनी ते पान न वाचता चहाच्या कपाखाली ठेवलं. खरेदी समितीत मी होतो. साहेब खूश राहावेत म्हणून मीही रंगीत यंत्रावर सही केली.

एप्रिलात जतच्या माळावर त्या पडद्यात आपलंच तोंड तेवढं दिसे. दुपारपर्यंत चार्जिंग संपे. मग आमच्या शहाण्या कार्यकर्त्यांनी लिंबाखाली बसून अंदाजानंच विहिरी मांडल्या. गाळ काढायचं मशीन पोचलं, तर तिथं नुसती कुसळं. मेंढरं राखणारी एक म्हातारी म्हणाली, "हितं हीर कवा हुती? ती वड्याच्या पल्याड. इचारलं असतं तर दावली असती." साहेबांनी ठपका ठेवला तो तात्यांवर. "फौजी माणसाला टेक्नॉलॉजी कशी जमणार?" मी शेजारीच उभा होतो... गप्प.

तात्या भांडले नाहीत. "हिरी कुटं पळून जात्यात व्हय," एवढंच म्हणाले. स्वतःच्या पैशानं बटणांचं यंत्र घेऊन मे महिनाभर एकटे हिंडले आणि एकूण एक विहीर पुन्हा घेतली. त्यांच्याच नकाशावरून गाळ निघाला, पाणी लागलं. अहवालावर नाव साहेबांचं.

शोकसभेत साहेब म्हणाले, "आधुनिक तंत्रज्ञानाची गोडी त्यांना मी लावली." मेलेल्या माणसाच्या खांद्यावर चढून उंच दिसायची ही हौस! मी उठलो आणि सगळं सांगितलं, चहाच्या कपासकट, माझ्या सहीसकट. कुणी मान वर केली नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. आता मी त्या ऑफिसात जात नाही, यात शौर्य काही नाही. बोलायचं तेव्हा मी बोललो नव्हतो.

परवा कडेगावला गेलो. तात्यांच्या पत्नीनं, काकींनी, फडताळ उघडलं. तात्यांचं यंत्र फडक्यावर ठेवलेलं, दोन्ही शेल काढून शेजारी आडवे. "पाझरून खराब हुईल म्हनायचे. शेल काढल्याबिगर ताटावर बसत न्हवते. शेवटच्या दिशी बी काढलं..." त्यांनी फडकं माझ्याकडं सरकवलं. "तुमी घेऊन जावा. तुमाला कळतंय त्यातलं."

मी नको म्हणालो. काकींनी कारण विचारलं नाही. फडक्याची घडी नीट केली आणि फडताळाचं दार लावून घेतलं.