नाकारलेला नमस्कार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. देवाची भांडी चिंचेने घासत होते, तेवढ्यात सासूबाई देवघरासमोर भिंत धरून मटकन खाली बसल्या. महिनाभर हेच चाललं होतं. उपास, पित्त, बीपी, सगळ्यांना दोष देऊन झाला. त्या पडून खुबा मोडून घेतील या धास्तीने माझं प्रार्थनेतही लक्ष लागेना. रावेतला राहणारी धाकटी जाऊ त्यांच्यासाठी देवीला नवस बोलली होती. सासूबाई तिच्याशी फोनवर तास तास बोलत. अंघोळीला हात धरून न्यायची मी, आणि मनातलं ऐकायची ती. मला ते फार खुपायचं.

नेहमीच्या डॉक्टरांचं शटर बंद होतं. नाइलाजाने कासारवाडीतल्याच पालिकेच्या दवाखान्यात गेलो. बीपी ठीक निघालं. उठणार, तर तिथल्या डॉक्टरीणबाई प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला विचारतात तेच त्यांनी विचारलं: वाकल्यावर, कूस बदलल्यावर गरगरतं का? मी नाही म्हणून टाकलं.

"आजींना बोलू द्या," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "देवापुढे डोकं टेकलं की घर फिरतं. देव माझा नमस्कार घेत न्हाई. धाकटीला ठाऊक हाय."

म्हणून त्या हल्ली उभ्यानेच हात जोडत होत्या. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

बाईंनी त्यांना झोपवून मान एका बाजूला वळवली. डोळे भिरभिरू लागले. सासूबाईंनी माझं मनगट आवळलं. "कानातले बारीक खडे जागचे हललेत आजी, देव नाही रुसला," असं म्हणत बाईंनी त्यांचं डोकं सावकाश एकेका कुशीवर फिरवलं आणि उठवून बसवलं. पुन्हा झालं तर पुन्हा या, म्हणाल्या.

रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "धाकटीचा नवस फळला बघ."

शटर कुणी बंद ठेवलं, तो प्रश्न कुणी विचारायला लावला, मला सांगता येणार नाही. मी दवाखान्यात नेलं म्हणून त्या बऱ्या झाल्या, एवढं तरी कुणी म्हणावं असं वाटत होतं. पण ते श्रेय ज्याचं त्याच्याकडे सोपवल्याशिवाय माझीही भोवळ थांबणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई देवघरासमोर वाकल्या. मी मागे हात पसरून उभी. डोकं टेकलं, सावकाश वर आलं.

"घेतला गं," त्या म्हणाल्या.

मी जावेला फोन लावला आणि सांगितलं, "तुझा नवस फेडायला आपण तिघीही जाऊ."