दादाची पाठ

दादा हवाई दलातून सुटीवर मलकापूरला आला तेव्हा त्याची पँट टाचेखाली येऊन मळत होती. आईनं शिंप्याला नावं ठेवली. ऐन तिशीत माणसाची उंची कमी होऊ शकते, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

जेवायला तो पाटावर बसेना. खुर्चीत ताठ बसायचा, आणि आई रागवायची. मी शाळेत मास्तरीण, खोदून विचारायची खोड. आई बाजारात गेल्यावर मी त्याला धरलंच.

विमान पेटलं तेव्हा तो सीटसकट बाहेर फेकला गेला होता. सीटमागं दारूचं काडतूस असतं. मान मागं टेकवायची, पाठ ताठ करायची आणि डोक्यावरची खटक्याची मूठ तोंडावर ओढायची. काडतूस उडतं, आणि क्षणभर माणूस स्वतःच्याच कितीतरी पट जड होतो.

"मी वाकून खाली पाहत होतो," तो म्हणाला. "मणका दबला. डॉक्टरले सांगितलं, आता दुखत नाही. नाहीतर विमानात कोण बसू देते? आईले सांगू नको."

मी कबूल केलं. दादानं मलाच सांगितलं याचा मला चक्क अभिमान वाटला. मूर्ख कुठली!

आईला वाटलं, उसण भरली. आणि उसणीचं औषध घरातच होतं, मी. मी पायाळू, जन्मताना माझे पाय आधी आले. पायाळूनं पाठीला पाय लावला की उसण जाते म्हणून गल्लीतले लोक आमच्या ओसरीवर पालथे पडायचे. मी मनातल्या मनात हसत पाय लावायची.

रविवारी सकाळी आईनं सतरंजी अंथरली. "घरात पायाळू असून पोरगं कण्हून राह्यलं!"

"नको, आई," मी म्हटलं.

"काऊन?"

मी दादाकडे पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि गुमान पालथा झाला. "दे पाय. हळू दे."

भिंत धरून मी नुसती टाच टेकवली.

"चांगला दे," आई म्हणाली. मी भार दिला. आत काहीतरी सरकलं, ते माझ्या टाचेला कळलं.

दादा ओरडला नाही. आई समाधानानं चहा टाकायला आत गेली. मी घाबरून त्याच्या उशाशी बसले.

"माह्या पायांवरून उठ ना," तो हळूच म्हणाला. "हलून नाही राह्यले."