आढळून येते

रेश्माच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण वाचताना मला संशय आला. विडी वळणाऱ्या बायकांवरचं तिचं लेखन आतापर्यंत अडखळत चालायचं. आता मात्र प्रत्येक वाक्य इस्त्री केल्यासारखं होतं. ‘सदर महिलांच्या बोटांची संवेदना कमी झाल्याचे आढळून येते.’ हे हिचं नव्हेच, कुठून तरी उचललंय, असं ठरवूनच मी तिला बोलावलं.

“हे कुठून घेतलंस?”

“घरातून, सर,” ती म्हणाली. “आई विड्या वळते. चहाचा गरम कप धरला तरी तिला चटका कळत नाही. तुम्हीच म्हणालात, प्रबंधात ‘मी’, ‘माझी आई’ असं नको. म्हणून वाक्य पुन्हा पुन्हा बदललं.”

तिच्यावरचा संशय गेला, तो त्या वाक्यावर जाऊन बसला. आढळून येते म्हणजे कुणाला? मुलांची भाषा सुधारताना आपण त्यातून नेमकं काय काढून टाकतो?

“आईचा कप लिही,” मी म्हणालो. “आणि ‘मी पाहिलं’ असंच लिही.”

रेश्मा हळूच म्हणाली, “पण सर, बाहेरचे परीक्षक आले की त्यांच्यासमोरही तुम्ही असंच म्हणाल ना?”