निळ्या शालीचा आवाज

रफूगाराला धागा कानाने निवडता येई. फाटक्या कापडाशेजारी तो एकेक रीळ धरून पाहायचा. प्रत्येक रंगाची त्याच्या डोक्यात वेगळी गुणगुण होती. करडा माशीसारखा घोंगावे, तांबडा भांड्याच्या काठासारखा वाजे. कापडाची नि धाग्याची गुणगुण एक झाली की सुई ओवायची. चाळीस वर्षं त्याचं रफू कुणाला सापडलं नव्हतं.

लहानपणी हे बोलून दाखवल्याबद्दल त्याने मार खाल्ला होता. त्यानंतर सांगितलं ते थेट बायकोला. ती म्हणाली, "मग माझा आवाज कुठला?" त्याने तिच्या अंगावरच्या निळ्या शालीकडे बोट दाखवलं. शाल ज्या पट्टीत गुणगुणायची, त्याच पट्टीत ती बोलायची. ती गेल्यावर तिचे कपडे वाटून टाकले. शाल मात्र दुकानातल्या खुंटीवर राहिली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो तिच्याकडे पाहत बसे.

एके दिवशी एका वकिलाने गडद निळा कोट त्याच्यापुढे टाकला. "रफूवाले, हे काय हो? खांद्यावर मुंगळा बसलाय जसा!"

निळ्यावर काळं रफू. त्याच्या कानाला दोन्ही रंग एकच लागले होते.

मुलीने हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. त्याने भीतभीत सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत.

"काहींच्या मेंदूत पाहण्याच्या नि ऐकण्याच्या खोल्यांमधली भिंत पातळ असते, काका. तो आजार नाही. पण मोतीबिंदू म्हणजे पिवळट काच. ती काढली की रंग बदलतील."

"आणि आवाज?"

"ते मला नाही सांगता येणार."

"मग राहू दे."

मुलगी उसळली. "राहू दे म्हणजे? उद्या कोण काम देणार? पोटाला काय, शालीची गुणगुण खाणार आहात?"

त्याने फक्त उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर तो आधी दुकानात गेला. खुंटीवरची शाल लख्ख निळी झाली होती आणि कुणा परक्या, कोवळ्या बाईच्या आवाजात बोलत होती. लग्नाच्या वर्षी बायको अशी बोलत असेलही. त्याला आठवेना. घाबरून त्याने उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. डाव्या डोळ्यात ती होती, तशीच.

मग तसंच ठरून गेलं. सकाळी काम उजव्या डोळ्याने. दुपारी त्यावर तळवा ठेवून डाव्याने बसायचं. पण डाव्यातला पडदा दाट होत होता. महिन्यागणिक शाल मळकत गेली, आवाज खाली उतरत गेला. काही शब्द राहिले, काही नुसताच श्वास.

एका दुपारी मुलगी तणतणत आली. "बाबा, दुसऱ्या डोळ्याची तारीख परत चुकवलीत! पिकत चाललाय तो, बाई म्हणाल्यात."

"पिकू दे."

ती आणखी बोलणार होती. तेवढ्यात तिला त्याचा डोळ्यावरचा तळवा दिसला, समोरची खुंटी दिसली. ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. तिने विचारलं, "आज काय म्हणतेय आई?"

त्याने तळवा काढला नाही.

"नीट कळत नाही गं. आवाज फार बसलाय तिचा."