नानांचं कार्ड आणि नवी डिस्क

माझ्या वडिलांनी स्वतःच्या निधनाचं कार्ड स्वतःच लिहून ठेवलं होतं, आणि ते मी पुसून टाकलं.

(मी जळगावच्या एका कॉलेजात संगणक शिकवतो. हे आधीच सांगितलेलं बरं. नंतर कळलं तर जास्त लागेल.)

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. धुळ्याच्या बसस्टँडवर उभी हयात गाड्यांच्या घोषणा करून ते निवृत्त झाले. पुढे कॉलनीत कुणी वारलं की गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या, कार्डाचा मजकूर लिहून द्यायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. त्याला कारण घडलं होतं. शेजारचे आबा गेले तेव्हा त्यांच्या कार्डावर 'दुःखद निधन' ऐवजी 'सुखद निधन' छापून आलं. आबांचा स्वभाव बघता कॉलनीत कुणालाच त्यात चूक वाटली नाही, पण नानांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

मी त्यांना माझा जुना लॅपटॉप दिला. छापखानेवाल्या पारसकाकांनी त्यात मराठी फॉन्ट टाकून दिला. नाना जोरात कामाला लागले. पुढे पुढे तर, वेळेवर धावपळ नको म्हणून, चांगल्या धडधाकट माणसांचेही मजकूर त्यांनी लिहून ठेवले. त्या फोल्डरचं नाव 'तयार'. साक्रीचे काका मुक्कामाला आले असताना नानांनी त्यांना त्यांचं कार्ड वाचून दाखवलं.

काका शांतपणे म्हणाले, "ते दुसरं वाक्य जरा लांब झालं, भाऊ."

नानांनी तिथल्या तिथे वाक्य तोडलं.

शेवटी त्यांनी स्वतःचंही कार्ड लिहिलं. मला म्हणाले, "तू लिखशी तर ऱ्हस्व-दीर्घनी वाट लावशी." वाचायला मागितलं तर दिलं नाही. "येळ उनी म्हंजे वाचजो."

गेल्या हिवाळ्यात दम्यामुळे नानांना आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. नाकाला नळी होती तरी तक्रार लॅपटॉपचीच. "तो चालू होस तवलोंग आजारी माणूस बरा होई जास," म्हणाले. मला वाटलं, ते घरी यायच्या आत लॅपटॉपची जुनी डिस्क काढून नवी, वेगवान डिस्क बसवावी. चार महिन्यांनी त्यांचा वाढदिवस होता, तेव्हाही बसवता आली असती, पण मला घाई झाली. ती का झाली होती, ते मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

लॅपटॉप मी जळगावला आणला. आधी सगळ्याचा बॅकअप घेतला. पेन ड्राइव्हवर रिकव्हरी, म्हणजे नव्या डिस्कवर सगळं परत उतरवायची सोय, तयार केली. जुनी डिस्क काढून वर्तमानपत्रावर ठेवली, नवी बसवली, बटण दाबलं. निळी स्क्रीन आली. रिकव्हरीसाठी लागणाऱ्या फाइल्स सापडत नाहीत, असं तिच्यावर लिहिलेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी लॅपटॉपनं विचारलं, बॅकअप कुठं आहे?

बॅकअप डी ड्राइव्हमध्ये होता. डी ड्राइव्ह जुन्या डिस्कमध्ये होता. जुनी डिस्क वर्तमानपत्रावर होती.

माझी बायको सुनंदा भाजी निवडत होती. मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे घर पडलं तर असू दे म्हणून दागिने शेजारी ठेवायला निघालात, आणि आपल्याच मागच्या खोलीत ठेवून आलात."

"तसंच काही नाही," मी म्हणालो. पण ते अगदी तसंच होतं.

मग जुनी डिस्क केबलनं जोडली. आता लॅपटॉप म्हणाला, बॅकअप सापडला, पण नवी डिस्क जुनीपेक्षा लहान आहे, बसणार नाही. मी म्हटलं, निदान नवी डिस्क पुसून पहिल्यापासून सुरुवात करू. स्क्रीनवर दोन डिस्क दिसत होत्या, शून्य आणि एक. वीस वर्षं मी मुलांना फळ्यावर सांगत आलो की पुसण्याआधी आकार वाचा. मी आकार वाचला नाही. 'एक' पुसली.

ती नानांची होती.

त्या लॅपटॉपनं इतकं चटकन केलेलं काम मी तोवर पाहिलं नव्हतं. इथं थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी घाबरलो आणि डिस्क पुन्हा वाचता यावी म्हणून तिला फॉरमॅट केलं. मध्येच ती टिकटिक करायला लागली आणि नंतर तेही बंद झालं.

जळगावात वैशालीचं दुकान आहे. असोद्याची मुलगी, माझीच विद्यार्थिनी. आता मेलेल्या डिस्कमधून फाइल्स काढून देते. तिनं डिस्क कानाला लावली आणि मला बसायला खुर्ची दिली.

"सर, एकदाच पुसलं असतं तर बहुतेक सगळं आलं असतं."

"मग?"

"तुम्ही दोनदा पुसलंत." तिनं मान खाली घातली. "आणि बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यायचा, हे तुम्हीच शिकवलं होतं. मला परीक्षेत आलं होतं ते."

महिनाभर लागेल, थोडंफार निघालं तर निघेल, म्हणाली.

तोवर नाना घरी आले होते. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. पहिल्या दिवशी मी म्हणालो, अपडेट चालू आहे. दुसऱ्या दिवशीही अपडेटच. आठव्या दिवशी अपडेटचं अपडेट. रविवारी धुळ्याला गेलो तर ते ओसरीत खुर्चीवर बसले होते, अंगावर शाल, आवाज अगदी बारीक झालेला. मला जवळ बसवलं.

"एक सांग," म्हणाले. "गाडी लेट शे का रद्द शे?"

मी त्यांची शाल सारखी केली.

"लेट व्हई तर वाट दखसूत. रद्द व्हई तर तसं सांगानं. लोके घर चालना जातंस. फलाटवर बसाडी ठेवानं नही कोनले."

मी म्हणालो, "लेट आहे, नाना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ज्या माणसानं जन्मभर गाड्यांविषयी खोटं ऐकून घेतलं होतं, त्याला ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. "बरं," म्हणाले आणि आईला चहा टाकायला सांगितलं. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या मंगळवारी पहाटे ते गेले.

पाचव्या दिवशी वैशालीचा फोन आला. एकोणीस फाइल्स निघाल्या होत्या. तिनं पाठवल्या, मी उघडल्या, तर सगळीकडे चौकोन आणि प्रश्नचिन्हं. नानांचा फॉन्ट जुन्या डिस्कबरोबरच गेला होता. मग मी त्या पारसकाकांकडे पाठवल्या. त्यांच्याकडे फॉन्ट होता. तासाभरात ते स्वतः छापील कागदांचा गठ्ठा घेऊन घरी आले.

एकेक कागद उलटत गेलो. साक्रीच्या काकांचं कार्ड होतं, तोडलेल्या वाक्यासकट. माझ्या सासऱ्यांचं होतं. (सासरे समोरच बसले होते. तो कागद मी सतरंजीखाली सरकवला.) नानांचं नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. नव्हतंच.

सगळ्यात खाली आईचं होतं.

आई भिंतीला टेकून बसली होती. तिला लिहिता-वाचता बेताचंच येतं. "काय शे त्यामां?" तिनं विचारलं. मला खोटं बोलायचं नव्हतं. त्या महिन्याचं माझं बोलून झालं होतं. म्हणालो, "तुझं आहे." ती म्हणाली, "वाच."

मी वाचलं. "आमच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही, याचं श्रेय त्यांचं. माझ्या पगारात हे घर चालत नव्हतं. ते त्यांनी चालवलं, आणि ते माझ्याच पगारात चालतंय असं मला वाटू दिलं. त्यांच्या पश्चात पती, एक मुलगा, एक मुलगी, सून, जावई व नातवंडे असा परिवार आहे."

"परत वाच."

परत वाचलं.

"इतलं त्यासनी मले कधी तोंडवर सांगं नही," आई म्हणाली. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "त्यामातलं ते 'पती' काढी टाक आते."

पारसकाका चहा न घेता उठले. दारात मला हळूच म्हणाले, "नानांचा मजकूर संध्याकाळपर्यंत द्या. तुम्हीच लिहा आता."

मी लिहायला बसलो. नानांनी काय लिहिलं असेल ते आठवायचा प्रयत्न केला, पण जे कधी वाचलंच नाही ते आठवणार कुठून? सहा वेळा फाडलं. शेवटी साधं चार ओळींचं लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला कॉलेजातल्या मराठीच्या बाईंना फोनवर अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. 'दुःखद' मधला विसर्ग तर पारसकाकांच्या पुढ्यात उभं राहून, बोट ठेवून बघितला. तीनशे कार्डं छापली आणि दोंडाईच्यापासून जळगावपर्यंत सगळ्या नातलगांना पोचती केली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

गंधमुक्तीच्या दिवशी मांडवात साक्रीचे काका कार्ड घेऊन माझ्याजवळ आले. चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, "यात तू कुठं आहेस रे?"

मी कार्ड घेतलं. शोकाकुल म्हणून पत्नी होती, मुलगी होती, जावई होते, सून होती, चारही नातवंडं होती. मुलगा नव्हता. घरातल्या एकेकाला आठवून मी नावं लिहिली होती, आणि मीच आठवलो नव्हतो.

तिकडे बायकांच्या बाजूला दूरच्या दोन आत्या सुनंदाचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. एकीनं दबक्या आवाजात तिला विचारलं, "आणि तुझे हे कधी गेले गं? आम्हाला कळवलंसुद्धा नाहीत."

सुनंदानं उत्तर म्हणून फक्त माझ्याकडे बोट दाखवलं. मी तुळतुळीत डोक्यानं उभा राहिलो आणि हयात असल्याचा पुरावा म्हणून दोघींच्या पाया पडलो.