आदल्या दिवशीचा खेळ

"मला त्याला मारायचं नाहीये," विंगताई म्हणाली. "मारलं की माणसं रडतात, शोकसभा घेतात, चांगले दोन शब्द बोलतात. मला त्याचं हसं करायचंय. तेही तिकीट लावून."

हे ती तिच्या नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बोलली. खोलीत काचा घासायचं यंत्र, फ्रेमांचे खोके आणि बसायला एकच फिरती खुर्ची, ती तिनं बळकावलेली. उभे आम्ही दोघं: तिच्याबरोबर नाटकात काम केलेली मी, आणि लग्नांचं शूटिंग करणारा तिचा धाकटा दीर.

"म्हणजे सिनेमा?" दीर म्हणाला. "वहिनी, सिनेमाला पैसे लागतात."

"तुमच्याकडे कॅमेरा आहे ना, भाऊजी?"

"आहे."

"हिला अभिनय येतो. मला राग येतो. झाला सिनेमा."

विंगताई म्हणजे आमच्या नाटक कंपनीची प्रॉम्प्टर. नटाचं वाक्य अडलं की विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या पडद्याआड, स्टुलावर बसून ते हळूच पुरवणारी बाई. उमेदीची सगळी वर्षं तिनं त्या आडोशाला काढली. तिची कुजबूज अशी, की पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ता लागायचा नाही आणि रंगमंचाच्या पार दुसऱ्या टोकाच्या नटाच्या कानात मात्र नेमकी पडायची. प्रेक्षकांना ती कधी दिसली नाही. आम्हाला ती दिसली नाही तर आमच्या तोंडचं पाणी पळायचं.

कंपनी मास्तरांची. लेखक मास्तर, दिग्दर्शक मास्तर, नायकही मास्तरच. जाहिरातीत त्यांचं नाव इतक्या वेळा यायचं की नाटकाचं नाव शोधावं लागायचं.

तर या मास्तरांनी एका न्यायाधीशाचं नाटक लिहायला घेतलं. पहिला अंक झकास उतरला. दुसऱ्या अंकात लेखणी अडली. तालमीत न्यायाधीश आपल्या मुलीसमोर उभा राहायचा, मुलगी मी, आणि गप्प व्हायचा.

"काय गं पुढे?" मास्तर विंगेकडे न बघताच विचारायचे.

कागदावर असायचं ते ती द्यायची. मास्तर तोंड वाकडं करायचे. मग एके दिवशी तिनं कागदावर नसलेलं वाक्य दिलं. मास्तरांनी ते म्हटलं आणि आम्ही जागच्या जागी थिजलो, इतकं ते आरपार गेलं.

"बघा!" मास्तर मांडीवर थाप मारून म्हणाले. "सुचलं की नाही?"

असं करत करत आख्खा दुसरा अंक विंगेतून आला. तिनं कधी हक्क सांगितला नाही. तिला वाटलं, मास्तर सांगतील. नाटक धो धो चाललं, त्याचं पुस्तक निघालं, प्रकाशनाला नाट्यगृह भरलं. पुस्तक उलटसुलट करून बघत ती रंगपटात मास्तरांना एवढंच म्हणाली, "आत माझं नाव घालायचं राहिलं का हो?"

मास्तरांनी तिचा हात धरून तिला थेट माइकसमोर नेलं. "मंडळी, ही आमची विंगताई. हिला पुस्तकात नाव हवंय! चहावाला यायचाय अजून, इस्त्रीवाला यायचाय. पुस्तक मावायचं नाही हो कपाटात!"

नाट्यगृह खदखदून हसलं. ती तिथे उभी होती, हात अजून मास्तरांच्या हातात. पुढच्या दौऱ्यात मास्तरांच्या कानात एक बारकं यंत्र आलं, त्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा भाचा बसला, आणि विंगताई घरी.

ती रडली नाही. रडली असती तर मास्तर वाचले असते.

सिनेमाची गोष्ट तिनं फटाफट लिहिली. एक नट, एक प्रॉम्प्टर, एक चोरी. मी वाचायला बसले.

"ताई, हा सीन कुठला? मास्तर स्वतःच्या आईला जिन्यावरून ढकलतात?"

"चांगला आहे ना?"

"घडलंय का असं?"

"नाही. पण ढकलतील असे दिसतात."

"जिना मात्र मस्त मिळेल," दीर म्हणाला. "स्लो मोशनमध्ये घेऊ."

दुसऱ्या दिवशी तिनं तो कागद माझ्यासमोर टराटरा फाडला. मला वाटलं, मन द्रवलं. छे! म्हणाली, "एक जरी खोटं सापडलं ना, तर त्यालाच लोंबकळून सुटेल तो. म्हणेल, बघा, सगळंच बनावट. खरं आहे तेवढंच पुरे आहे त्याला."

शाळांना सुटी होती, म्हणून एका शाळेचा हॉल रंगमंचासकट मिळाला. दिवे म्हणजे दुकानातल्या आरशांवरचे. मास्तरांच्या भूमिकेला बँकेतून निवृत्त झालेले एक काका धरून आणले. आवाज भारदस्त, मिशी मास्तरांसारखी, आणि पाठांतर चोख. स्वतःची भूमिका विंगताईनं स्वतःच केली. मला म्हणाली, "तू गोड दिसतेस. स्टुलावर बसलेल्या माणसाचा कणा दुखतो, तो तुला दाखवता येणार नाही."

दिराचा हात लग्नांत घडलेला. कॅमेरा आपोआप माणसांच्या गळ्यातल्या दागिन्यांकडे जायचा. भांडणाच्या ऐन प्रसंगात तो कॅमेऱ्याआडून म्हणायचा, "वहिनी, जरा हसा, इकडे बघा."

"भाऊजी, मी सूड घेतेय! हसू काय?"

"सॉरी. सवय."

शूटिंग संपलं. शाळेनं हॉल परत घेतला. काका मिशी काढून, भूमिकेतून मोकळे होऊन, परदेशातल्या मुलीकडे निघून गेले. आणि दुपारी दुकान बंद असायच्या वेळात आम्ही लॅपटॉपवर सिनेमा जोडायला बसलो.

"वहिनी," दीर चाचरत म्हणाला, "तुमचे ओठ हलतायत."

"कुठे?"

"सगळीकडे."

काका पुढे उभे राहून दुसऱ्या अंकातली वाक्यं ठणकावतायत, मागे विंगेत विंगताई बसलीय, आणि काकांच्या प्रत्येक शब्दाबरोबर तिचे ओठ हलतायत. आवाज नाही, नुसते ओठ. शॉटमागून शॉट, तेच. प्रॉम्प्टर असंच करतो: वाक्य मनातल्या मनात बरोबर चालवत राहायचं, म्हणजे नट अडला की शब्द तयार. हाडात मुरलेली खोड. शूटिंगच्या वेळी आम्ही सगळे काकांकडे बघत होतो, तिच्याकडे कोण बघणार?

"तोंडाला झाकण लावायला हवं होतं मला!" तिनं चष्म्याचा एक खोका भिंतीवर भिरकावला. "दिसायलाच मूर्ख दिसतेय. वेडीसारखी बडबडतेय नुसती. पुन्हा घेऊ."

"कसं? हॉल नाही, काका नाहीत, मिशी तर नाहीच नाही."

"मग मला कापा. चित्राच्या बाहेर ठेवा."

दिरानं तिला कापून बघितलं. उरले नुसते काका, आणि ते इतके छान बोलत होते की कुणालाही वाटावं, काय थोर माणूस आहे! ते बघताना विंगताईचा चेहरा असा झाला की मी जरा मागे सरकले.

तिनं भिरकावलेला खोका उचलून जागेवर ठेवला. मग म्हणाली, "भाऊजी, काकांचा आवाज बंद करा."

"आणि?"

"मला घाला तिथे."

कपाटातली सगळी पांघरुणं काढून आम्ही त्या खोलीत एक तंबू केला, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. आत विंगताई आणि माइक. आख्खा दुसरा अंक तिनं तिच्या त्या जुन्या कुजबुजीत म्हटला. दिरानं तो चित्रावर बसवला. आता काका छाती काढून, हात उंचावून तोंड उघडायचे, आणि त्यांच्या तोंडातून यायची मागे बसलेल्या बाईची कुजबूज. ओठ दोघांचे हलायचे, शब्द एकाचेच होते, आणि कुणाचे ते शेंबड्या पोराला कळलं असतं. आधी हसू फुटायचं. मग हसू घशात अडकायचं.

"हं," विंगताई म्हणाली. एवढंच. पण मी तिला इतकी खूश कधी बघितली नव्हती.

सिनेमा कुणी घेतला नाही. एका महोत्सवानं 'आशयघन' म्हणून परत पाठवला. चित्रपटगृहवाले मास्तरांना ओळखून होते, त्यांनी फोनच उचलले नाहीत. तेव्हा विंगताईनं कंपनीच्या दौऱ्याची जाहिरात पेपरातून कापून भिंतीवर लावली.

"नाटकाच्या आदल्या दुपारी नाट्यगृह मोकळं असतं," ती म्हणाली. "ट्रक येतो, संध्याकाळी सेट लागतो. तोवर रिकामं. सगळे व्यवस्थापक माझ्या ओळखीचे आहेत. मास्तर ज्या गावी, त्या गावी आपण आदल्या दुपारी."

"नाकावर टिच्चून?" मी म्हटलं.

"मिशीवर."

दिराकडे लग्नात लावायचा मोठा पडदा होता, प्रोजेक्टर होता. मास्तरांच्या पोस्टरशेजारी आम्ही आमचं पोस्टर लावत गेलो. 'उद्या जे ऐकाल, ते आज विंगेतून ऐका.' पहिल्या गावी मोजकी माणसं आली, त्यातली दोन उन्हाला कंटाळून. पण कंपनीचा ट्रक लवकर पोचला, आणि सेट उतरवणारी माणसं दाराशी उभी राहून बघायला लागली. दुसरा अंक सुरू झाला तशी ती हातातल्या खुर्च्या खाली ठेवून त्यावरच बसली.

"अरे, ही आपली विंगताईच!" त्यांच्यातला एक मोठ्यानं म्हणाला. "बरोबर आहे, असंच झालं होतं!"

त्यांनी ती बातमी गावोगाव नेली. गर्दी वाढत गेली. आणि आदल्या दिवशी सिनेमा बघितलेली माणसं दुसऱ्या दिवशी नाटकाला गेली की दुसऱ्या अंकात मास्तरांकडे बघेचनात. सगळ्या माना विंगेकडे.

दोन दौऱ्यांच्या मध्ये मास्तर दुकानात आले. गिऱ्हाईक असल्यासारखे खुर्चीत बसले. विंगताईचा नवरा शांत माणूस. त्यानं त्यांच्या डोळ्यांवर चाचणीची फ्रेम चढवली आणि समोरच्या तक्त्याकडे बोट केलं. "खालची ओळ वाचा."

मास्तर दोन अक्षरं वाचून अडले. सवयीनं त्यांचा कान मागच्या खोलीच्या पडद्याकडे वळला. पडद्यामागे आम्ही दोघी उभ्या होतो. तिला तो तक्ता तोंडपाठ होता. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि त्यांना तसंच लटकू दिलं. मग पडदा सारून बाहेर आली.

"काय हवंय तुला?" मास्तर म्हणाले.

"दुसऱ्या अंकाआधी पडद्यापुढे या. सगळे दिवे लावा. सांगा, हा अंक हिचा."

"पुढच्या आवृत्तीत नाव घालतो. सहलेखिका म्हणून. फिल्म बंद कर."

"पुस्तक घरात वाचतात, मास्तर. मला हसले ते नाट्यगृहात."

मास्तरांनी फ्रेम काढली. आवाज खाली आला. "अगं, देवाशपथ, मला खरंच वाटतं ते मलाच सुचलं."

"माहीत आहे. म्हणून तर दया येत नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तुम्ही पुढे चला. मी आदल्या दुपारी आहेच."

"बाई, तू मला संपवशील."

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "यांना जवळचं दिसत नाही. नंबर नीट काढा."

पुढच्या दौऱ्यात पहिल्या गावी काही झालं नाही. दुसऱ्या गावी आमचा खेळ खच्चून भरला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तिकीट काढून मास्तरांच्या नाटकाला बसलो. मध्यंतर संपलं, घंटा झाली, आणि पडदा वर जायच्या ऐवजी मास्तर त्याच्यापुढे आले. दिवे लागलेले. न्यायाधीशाच्या झग्यात ते एकदम म्हातारे दिसत होते.

"रसिकहो," ते म्हणाले. "आता जो अंक तुम्ही बघणार, तो… त्याचे शब्द आमच्या विंगताईचे आहेत. पहिल्यापासून." आणि झपकन आत गेले.

टाळ्या पडल्या. दिरानं डोळे पुसले. मी विंगताईचा हात घट्ट दाबला. तो लाकडासारखा होता. तिनं टाळी वाजवली नाही. मान मागे वळवून ती शेवटच्या रांगांकडे बघत होती. तिथे एक बाई शेजारणीला विचारत होती, "काय म्हणाले ते?"

"काय की. झग्याबद्दल काहीतरी," शेजारीण म्हणाली.

नाटक संपल्यावर आम्ही बाहेर आलो. दीर मोकळा श्वास घेऊन म्हणाला, "चला वहिनी, सुटलो एकदाचे. पुढच्या गावाला कळवून टाकतो, नाट्यगृह नको म्हणून."

"कशाला?"

"अहो, घेतलं ना नाव! दिवे लावून! तुम्ही म्हणालात तस्सं!"

"तोंडातल्या तोंडात पुटपुटले. मागच्या रांगेला झगा ऐकू गेला."

"ताई," मी म्हटलं, "तो माणूस थरथरत होता."

"थरथरू दे. थरथरतानाही आवाज फेकता येतो, मी कितीतरी नटांना शिकवलंय." तिनं पोस्टरांची गुंडाळी माझ्या हातातून काढून घेतली. "पुढच्या गावी पुन्हा म्हणतील. तिथे नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. पाठ होईपर्यंत."

ती भराभर चालत पुढे गेली. दिरानं माझ्याकडे बघितलं, मी दिराकडे. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि पुढच्या गावच्या व्यवस्थापकाला लावला. "हो, हो, परवा दुपारी," तो म्हणाला. "पडदा आमचाच."